लतीफ मिस्त्रींच्या खोलीतला जीपचा दांडा

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी किल्ली फिरवली की चालू होते. काही गाड्यांना तर आता नुसतं बटण दाबावं लागतं. मी त्याच्या आधीच्या काळातला. मी एका पेट्रोल जीपचा दांडा. दीड हात लांब, दोन जागी वळलेला, एका टोकाला धरायची मूठ आणि दुसऱ्या टोकाला आडवी खीळ. लोक मला हँडल म्हणत. किल्लीने गाडी चालू झाली नाही, की माणूस खाली उतरायचा, बंपरच्या भोकातून मला आत सरकवायचा, इंजिनाच्या दातांत माझी खीळ अडकवायचा आणि सारी ताकद लावून मला फिरवायचा. इंजिन आधी खोकायचं, मग शिंकायचं आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला घुमायला लागायचं. त्या वेळी जो थरथराट माझ्या अंगातून जायचा, त्याची चव मी अजून विसरलो नाही.

मी ज्या कारखान्यात घडलो तो कुठे होता, हे काही मला सांगता येणार नाही. लालबुंद तापलेलं असताना आजूबाजूला बघण्याचं भान कुणाला असतं? थंड झालो, काळा रंग लागला, आणि नव्या जीपच्या मागच्या सीटखाली जॅकशेजारी मला चामड्याच्या पट्ट्याने बांधलं. तिथून पुढचं सगळं आठवतं. जीप कुंभार पिंपळगावच्या रामरावांनी घेतली होती. त्यांची शेती मोठी, माणसांचा राबता मोठा. त्या जीपमधून सरकीची पोती गेली, शाळा तपासायला आलेले साहेब गेले, रामनवमीला जांब समर्थला पाहुण्यांच्या खेपाच्या खेपा झाल्या. दसऱ्याला रामरावांच्या मंडळी, चतुराबाई, जीपला हळदकुंकू लावायच्या आणि मलाही सीटखालून काढून एक बोट लावायच्या. "ह्यो रुसला तर गाडी रुसती," असं म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

जीपची देखभाल लतीफ मिस्त्रींकडे होती. बाजाराच्या मैदानाला लागून त्यांचं गॅरेज होतं. तेव्हा ते पस्तिशीचे असतील. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस! जो कुणी मला हातात घेईल त्याला ते एकच गोष्ट बजावायचे. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मुठीला वेढा मारून धरला का संपलं. इंजन कधीमधी उलटं मारतं. अंगठा अडकला तर मनगट घेऊनच जातं."

आणि एके दिवशी हे स्वतः तेच विसरले.

कापूस वेचणीचे दिवस होते. रामराव जालन्याच्या मोंढ्यात माल विकायला गेले होते. जीपची बॅटरी उतरलेली म्हणून चतुराबाईंनी लतीफ मिस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं तोच शेताकडून दोन बाया पळत आल्या. कांताबाई नावाच्या मजूर बाईला साप चावला होता. मागून तिला बाजेवर घालून आणलंच. पाय सुजायला लागला होता, आणि ती पुन्हापुन्हा आपल्या लहान मुलीचं नाव घेत होती.

"लतीफ, गाडी काढ," चतुराबाई म्हणाल्या.

किल्ली फिरली. टक्. पुन्हा टक्. लतीफ मिस्त्रींनी मला ओढून काढलं आणि पुढे धावले. त्यांचा हात माझ्यावर पडला तेव्हाच मला कळलं की अंगठा चुकीच्या बाजूला आहे. पण दांड्याला तोंड असतं का? त्यांनी जोरात वर ओढलं, इंजिनाने उलटा झटका दिला आणि वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. ते खाली बसले. उजवं मनगट विचित्र कोनात लोंबत होतं.

मग चतुराबाईंनी पदर कमरेला खोचला.

"कसं धरायचं ते सांग मला."

"काकू, तुमच्यानं न्हाई व्हायचं ते."

"व्हायचं का न्हाई ते मागून बघू. अंगठा कुठं ठेवू?"

लतीफ मिस्त्री दात आवळून सांगत गेले. अंगठा बोटांच्या बाजूला. खालून वर ओढा. वरून खाली दाबू नका. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला इंजिन नुसतं खोकलं. तिसऱ्याला चतुराबाईंच्या बांगड्या फुटल्या आणि जीप चालू झाली!

मग आणखी गंमत झाली. गंमत म्हणायचं ते आज. तेव्हा कुणाच्या जिवात जीव नव्हता. गाडी हाकणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं. लतीफ मिस्त्रींनी डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं, पण मग गिअर कोण बदलणार? चतुराबाई शेजारी बसल्या. "क्लच दाबतो काकू, वढा मागं! आता पुढं!" असं करत अंबडच्या दवाखान्यापर्यंत दोघांनी मिळून जीप नेली. मी कुणाच्या तरी पायाशी पडून सगळं ऐकत होतो. कांताबाई वाचली. आठ दिवसांनी स्वतःच्या पायांनी चालत गावात आली.

परतताना, हाताला प्लास्टर घातलेले लतीफ मिस्त्री हळूच म्हणाले, "काकू, एक अर्ज हाय. माझा हात हँडलनं मोडला हे कुणाला सांगू नका. मी मिस्त्री हाय."

चतुराबाईंनी शब्द दिला, त्या बायांनाही गप्प केलं. लतीफ मिस्त्रींनी घरी बायकोला, खैरुनबींना सांगितलं, की गॅरेजच्या पत्र्यावरून पडलो. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. खैरुनबींनी विश्वास ठेवला.

पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून रामरावांनी जीपला डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. त्या इंजिनाला माझा काही उपयोग नव्हता. जुनं इंजिन सुटं झालं, त्याचे भाग लतीफ मिस्त्रींनी घरी नेले आणि त्यांच्यासोबत मीही गेलो. "लागंल कधी ना कधी," ते म्हणाले. हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की ते मला अजानीसारखं वर्दी द्यायचं: आज खोलीत नवा पाहुणा आला.

त्यांच्या घरात खाली एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर झोपायच्या दोन खोल्या. खालची खोली आमची झाली. बिस्किटांच्या डब्यांत कार्बोरेटर, तेलात बुडवलेले बेअरिंग, स्प्रिंगच्या कमानपाट्यांची चळत, एका डोळ्याचे हेडलाइट, कुणा टेम्पोचा भोंगा, अँबॅसडरचं स्टिअरिंग. मला खिळ्याला टांगलं होतं, त्यामुळे येणारा प्रत्येकजण दिसायचा आणि मला प्रत्येकाविषयी कुतूहल असायचं. हा रेडिएटर कोणत्या घाटात तापला असेल? ह्या आरशात शेवटचं कुणी मागे बघितलं असेल?

सुरुवातीला आमचा उपयोग खरंच होता. कुणाची गाडी अडली की लोक म्हणायचे, लतीफ मिस्त्रींकडे बघा, मिळेल. आणि ते पाच मिनिटांत तो नेमका नट काढून द्यायचे. पुढे नव्या गाड्या आल्या, त्यांचे भाग दुकानात डब्यात बंद मिळू लागले. विचारणारे कमी झाले. लतीफ मिस्त्रींच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा गॅरेज बंद झालं. आणणं मात्र थांबलं नाही. खोलीला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. आमच्यावर गंज चढला, उंदरांनी वायरी कुरतडल्या, आणि वर्षानुवर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

ह्या वर्षी खैरुनबी जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, जालन्यात ऑपरेशन झालं. त्यांची मुलगी कहकशा जुन्या जालन्यात उर्दू शाळेत शिकवते, तिच्याकडे त्या राहिल्या. एका रविवारी कहकशा एकटीच आली. घरात हे लोक दखनी बोलतात. मी ते तुम्हांला आमच्या भागातल्या मराठीत सांगतो.

"अब्बा, डॉक्टरनं जिना बिलकुल बंद केलाय. अम्मीला खाली खोली पाहिजे."

"हाय की खाली खोली."

"कुठं हाय? उघडा बरं."

त्यांनी कुलूप काढलं. दार अर्धंच उघडलं, कारण मागे कमानपाट्या होत्या. कहकशा कडेने आत डोकावली आणि तिने नाकाला ओढणी लावली.

"शुक्रवारपर्यंत हे रिकामं झालं तर अम्मीला आणते. न्हाई झालं तर ती माझ्याकडंच राहील. कायमची. तुम्ही इथं ह्यांच्यासंगं राहा."

दुसऱ्या दिवशी लतीफ मिस्त्रींनी खडूने ओसरीवर तीन चौकोन आखले. ठेवायचं, विकायचं, टाकायचं. मला वाटलं, आता बघण्यासारखं काहीतरी होणार. झालंही, फक्त फार हळू. ते एकेक भाग उचलायचे, पुसायचे, कानाजवळ नेऊन हलवायचे आणि ठेवायच्या चौकोनात मांडायचे. गुरुवारपर्यंत तो चौकोन भरून वाहिला. टाकायच्या चौकोनात एक तुटका फॅनबेल्ट होता, आणि त्याच्याकडेही ते जातायेता बघायचे. संध्याकाळी सगळं पुन्हा आत यायचं, रात्री चोरी होईल म्हणून. मला त्यांनी एकदा ठेवायच्यात टाकलं, एकदा विकायच्यात, मग परत खिळ्याला टांगलं.

मी त्यांच्यावर रागावलो नाही. सत्तरीच्या माणसाला एकेका वस्तूसाठी मनाशी भांडावं लागत होतं. ह्या खोलीत त्यांच्या हातांचं सगळं शहाणपण साठलेलं होतं. ते टाकायचं, तर मग मिस्त्री म्हणून मागे काय उरणार?

शुक्रवारी सकाळी मुजाहिद आला. हा पूर्वी लतीफ मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकलेला. आता जुन्या जालन्यात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. कहकशानेच त्याला टेम्पो घेऊन पाठवलं होतं. त्याने तासभर सगळं चाळलं.

"चाचा, खरं सांगू का गोड सांगू?"

"खरं सांग."

"जुन्या जीपा सजवणारे हौशी लोक हाएत. ते हे चार कार्बोरेटर आणि मीटर घेतील. ट्रॅक्टरचे बेअरिंग जातील. बाकी समदं भट्टीचं."

"चाळीस वर्सं जमवून राह्यलो मी."

"माहीत हाय चाचा. निम्मं तर मीच धुऊन ठेवलेलं हाय."

लतीफ मिस्त्री खांबाला टेकले. "मंग आज राहू दे. उद्या बघू," ते म्हणाले.

तेवढ्यात दारात मोटार थांबली. कहकशा उतरली, आणि तिने हात देऊन खैरुनबींना उतरवलं. त्या वॉकर धरून दोन-तीन पावलं टाकत दारापर्यंत आल्या. कहकशाने खोलीत पाहिलं. खोली अर्धीअधिक भरलेलीच होती. तिचा चेहरा लाल झाला.

"अम्मी, चल. गाडी गेली न्हाई अजून."

"थांब गं. मला बसू दे," खैरुनबी म्हणाल्या. "एवढी वर्सं ह्या दाराचं कुलूपच बघितलं मी. आतलं तर बघू दे."

मुजाहिदने खुर्ची आणली. त्या उंबऱ्यापाशी बसल्या आणि नव्या गावात आलेल्या माणसासारख्या इकडे तिकडे बघू लागल्या. मला वाटलं होतं त्या बोल लावतील, रडतील. त्यांनी एका गोल डब्याकडे बोट केलं.

"हे काय हो?"

"डायनामो."

"काय करतो?"

"इंजन फिरलं का हा फिरतो, अन् वीज करतो. दिवे लागतात त्याच्यावर."

"अजून करतो?"

लतीफ मिस्त्री थबकले. "न्हाई. जळाला हाय तो. रामरावांच्या जीपचा हाय."

मित्रांनो, तो रामरावांच्या जीपचा नव्हता. एका काळ्या टेम्पोचा होता, मी त्याला येताना पाहिलं होतं. पण असो, वयाबरोबर विसर पडतो. लतीफ मिस्त्रींनी तो उचलला, हातात तोलला आणि कुणी न सांगता मुजाहिदच्या टेम्पोत नेऊन ठेवला.

मग खैरुनबी विचारत गेल्या. त्यांच्या प्रश्नांत टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. हे कशाला लागतं? ह्याला एवढी भोकं कामून? हा भोंगा कसा वाजतो? लतीफ मिस्त्री आधी तुटक बोलत होते, मग खुलले. रेडिएटरातून पाणी कसं फिरतं ते त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवलं. पत्नीने धंद्याचं काही विचारावं असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. खरं तर त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी शेवटचा प्रश्न तोच यायचा, "अजून चालतं?" इतर कुणाला त्यांनी काहीबाही सांगितलं असतं. पण एवढं समजावून सांगितल्यावर खोटं बोलणं मिस्त्रीला जमत नव्हतं. न चालणारं टेम्पोत जात राहिलं. कहकशा ओढणी कमरेला बांधून डबे उचलू लागली.

फळी हलवली तेव्हा मागे हिरव्या रंगाची एक खिडकी निघाली.

"या अल्ला! इथं खिडकी हाय?" खैरुनबी म्हणाल्या.

लतीफ मिस्त्रीही चकित झाले. ती स्वतःच बसवली होती हे ते विसरून गेले होते. मुजाहिदने हातोडीने कडी सैल केली, खिडकी उघडली आणि बाजाराच्या मैदानावरून भाजीवाल्यांचा गलका आत आला.

त्या उजेडात खैरुनबींना मी दिसलो.

"आणि हे वाकडंतिकडं काय टांगून ठेवलंय?"

लतीफ मिस्त्रींनी मला खिळ्यावरून काढलं. बराच वेळ ते नुसते माझ्या मुठीकडे बघत राहिले. मग खाली उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. साप, बॅटरी, चुकलेला अंगठा, चतुराबाईंच्या फुटलेल्या बांगड्या, दोघांनी मिळून चालवलेली जीप.

खैरुनबी ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. खुबा दुखतो म्हणून हाताने दाबून धरत होत्या आणि हसत होत्या.

"पस्तीस वर्सं! पस्तीस वर्सं मी त्या पत्र्यावर कुणाला चढू दिलं न्हाई! गळून गळून भिंत खराब झाली, तरी म्हणलं नको, माझा माणूस पडल्ता तिथून!"

कहकशा हसली, मुजाहिद तोंड फिरवून हसला. लतीफ मिस्त्रींनी आधी मान खाली घातली, मग तेही हसले.

"काकूंनी कुणाला कधीच सांगितलं न्हाई?" कहकशाने विचारलं.

"न्हाई. गेल्या बिचाऱ्या. शब्द मोडला न्हाई."

मग खैरुनबी म्हणाल्या, "हे ठेवा. बाकी समदं द्या, पण एवढं ठेवा."

मला आनंद झाला, लपवत नाही. पण लतीफ मिस्त्रींनी मान हलवली.

"एवढं, एवढंच करत ही खोली भरली, खैरुन."

"अहो, पण ह्यानं एका बाईचा जीव वाचवला."

"जीव काकूंनी वाचवला. ह्याचं इंजनच राह्यलं न्हाई आता. मिस्त्री म्हणून सांगतो, इंजनाबिगर हे नुसतं लोखंड हाय. त्याचं आता काहीतरी होऊ दे."

ते स्वतः मला घेऊन टेम्पोपर्यंत आले. "पक्कं, चाचा?" मुजाहिदने विचारलं. "पक्कं," ते म्हणाले. बाकीचे भाग त्यांनी टाकले होते. मला त्यांनी आडवं, हळूच ठेवलं. ज्याच्यामुळे त्यांचं मनगट कायमचं किंचित वाकडं राहिलं, त्या माझ्यावरून त्यांनी तोच हात एकदा फिरवला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या अर्ध्या दिवसात मला जितक्या माणसांनी पाहिलं, तितक्यांनी मागच्या वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. खिळ्यावर पुन्हा वीस वर्षं लटकण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

टेम्पो निघाला तेव्हा कहकशा खोलीत पाणी ओतून फरशी घासत होती आणि लतीफ मिस्त्री वरून पलंग उतरवायला माणूस बघायला गेले होते. ठेवायच्या चौकोनात फक्त त्यांची पान्यांची पेटी होती. घरच्या दुरुस्तीला ती अजून लागते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांचं थोडं ऐका. वस्तू कुलपात जपता येत नाही. ती वापरली तर जपली जाते. तुमच्याकडून वापरली जात नसेल, तर ज्याला तिचा उपयोग आहे त्याला ती द्या. कुणाच्याच उपयोगाची नसेल, तर ती मोकळी करा आणि ती जागा घरातल्या माणसाला द्या. पण देण्याआधी, ज्याने ती जमवली त्याच्याजवळ जरा बसा. रागाने बसू नका. ती कशी चालायची ते त्याला विचारा. त्याला सांगू द्या. मग बहुतेक वेळा तो स्वतःच उठतो आणि ती उचलून देतो.

आता आम्ही जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, पोलादाच्या कारखान्याबाहेर रांगेत उभे आहोत. पुढच्या ट्रकमध्ये मोडकी सायकल आहे, कुणाची लोखंडी खाट आहे, गिरणीचं एक चाक आहे. इथे सगळं वितळवून सळया करतात म्हणे. सळया स्लॅबमध्ये जातात, पुलात जातात, विहिरीच्या कठड्यात जातात. वितळल्यावर मला मीच आठवेन का, की ह्या सायकलीच्या आणि खाटेच्या आठवणी माझ्यात मिसळतील, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. भिंतीपलीकडून मोठा घुमणारा आवाज येतो आहे. मुजाहिद दोर सोडतो आहे. मी अंग सावरून बसलो आहे, आणि खरं सांगतो, मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त आहे.